शेजारच्या खुर्चीतली त्वाम्बो

आमच्या शाळेत एकच टीव्ही होता आणि तो जेवणघरात लोखंडी पिंजऱ्यात ठेवलेला असायचा. किल्ली वसतिगृहाच्या हामूंगाबाईंच्या कमरेला. शनिवारी संध्याकाळी मक्याच्या पिठाची घट्ट नशिमा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी खाऊन, ताटं धुऊन झाली की बाई पिंजरा उघडायच्या. आम्ही सगळ्या मुली फरशीवर दाटीवाटीनं बसायचो. मोठ्या मुली पुढे, लहान मागे. शाळाशाळांमधली प्रश्नमंजूषा लागायची, आणि ती घेणारा ओबेद सियामुंडा पडद्यावर आला की पुढच्या रांगेतून उसासे ऐकू यायचे.

"अगं, काय सूट घातलाय बघ," बर्था म्हणायची. बर्था मुनसाका आमची मुख्य विद्यार्थिनी. शिस्त लावायचं काम तिचं, आणि उसासे टाकण्यातही तीच पहिली.

त्वाम्बो माझ्या शेजारी बसायची आणि ओबेदनं प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर सांगून टाकायची. त्वाम्बो म्हणजे आमच्या टोंगा भाषेत गोष्टी, बोलणी, भानगडीसुद्धा. भूगोलाचे मास्तर म्हणायचे, "नाव ठेवताना तुझ्या आईनं जरा विचार करायला हवा होता." तिची आई चोमाच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बाप रेल्वेत होता, तो लहानपणीच गेला. त्वाम्बोचा बिछाना माझ्या खालचा, बाकावर जागा माझ्या शेजारी, आणि तिचं तोंड दिवा मालवल्यावरही चालू.

दहावीत असताना आमच्या शाळेला त्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. तिघी मुली बसनं राजधानीला, लुसाकाला गेल्या, त्यात त्वाम्बो. पुढच्या शनिवारी आम्ही तिला त्या पिंजऱ्यातल्या टीव्हीवर पाहिलं. गणवेशाची कॉलर मीच इस्त्री करून दिली होती. एकामागून एक उत्तरं. शेवटी ओबेदनं कार्ड खाली ठेवून विचारलं, "बाळ, तुला सगळंच कसं येतं?"

"सगळं नाही सर. तुम्ही विचारता तेवढंच येतं."

जेवणघर हसून हसून लोळलं. हामूंगाबाईसुद्धा.

पण शेवटच्या फेरीत गडबड झाली. प्रश्न होता, माणसानं बांधलेल्या तलावांपैकी जगात सगळ्यात जास्त पाणी कुठल्या तलावात मावतं. त्वाम्बो म्हणाली, करिबा. ओबेद म्हणाला, चूक, घानातला व्होल्टा.

"सर, व्होल्टा पसरलेला जास्त आहे. पाणी आमच्याकडे जास्त आहे. माझ्या आजीचं घर आहे त्याच्या तळाशी."

"बाळ, कार्डावर आजीचं घर लिहिलेलं नाही," ओबेद म्हणाला. तिकडचे प्रेक्षक हसले. आम्ही हरलो.

परत आल्यावर केस विंचरून घेताना तिनं मला पुढचं सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर ओबेद तिला बाहेर भेटला, तिला गार सरबत दिलं आणि म्हणाला, तू बरोबरही असशील, पण कॅमेरा चालू असताना मला चूक म्हणायचं नाही. हे सांगताना त्वाम्बोला हसू आवरत नव्हतं. मीही हसले. एवढा मोठा माणूस आणि सोळा वर्षांच्या पोरीची समजूत काढतोय.

शाळा संपली. मी चोमालाच राहिले, शिवण शिकले, लग्न झालं, नवरा लवकर वारला. बाजारामागं माझं दुकान आहे, शाळांचे गणवेश शिवते. त्वाम्बो शिक्षिका झाली आणि लुसाकात नोकरीला लागली. तिथं एका शाळेच्या समारंभात ओबेद पाहुणा म्हणून आला आणि त्यानं तिला ओळखलं. वर्षभरात लग्न. तो तिच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. तिच्या मामाच्या अंगणात लग्न झालं तेव्हा आसपासच्या गावांतून माणसं नवरदेव बघायला आली होती. म्हातारी माणसं त्याला हात लावून बघत होती. त्वाम्बो माझ्या कानात म्हणाली, "करिबाचं त्यानं मान्य केलंय बरं का. लेखी घ्यायला हवं होतं." ती फार सुखात होती. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

पुढे प्रश्नमंजूषा बंद पडली. टीव्हीवर नवी माणसं आली, त्यांना ओबेद जुना वाटला. तीनचार वर्षं तो घरी बसून होता. मग फोन सगळ्यांच्या हातात आले आणि त्यानं फोनवरच आपला कार्यक्रम सुरू केला. रोज संध्याकाळी, थेट. नाव 'घर सांभाळा'. लोक फोन करून आपल्या संसाराची रडगाणी सांगायचे आणि ओबेद त्याच सूटमध्ये, त्याच आवाजात सल्ला द्यायचा. लोक त्याला बाबा म्हणायला लागले. आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत त्वाम्बो. डोक्याला छान रुमाल, हात मांडीवर. तो बोलायचा आणि शेवटी तिच्याकडे वळून विचारायचा, "हो ना, लुशोमोची आई?" ती मान हलवायची. लुशोमो त्यांची एकुलती एक लेक.

माझ्या दुकानात बायका माप द्यायला आल्या की टेबलावर फोन उभा करून हे बघायच्या. "बघ कशी शांत बसलीये," एकजण म्हणायची. "म्हणून टिकलाय संसार." मी सुईत दोरा ओवत ऐकायची. ज्या मुलीला शिक्षकांनी वर्गाबाहेर काढूनही खिडकीतून उत्तरं द्यायची सवय होती, ती आता दिवसाला एक शब्दही बोलत नव्हती. माणसं बदलतात, मी मनाला सांगायची. वय होतं, पोक्तपणा येतो. पण मन मानत नव्हतं.

आमच्या वर्गाचा फोनवर एक ग्रुप होता. बर्थानं काढलेला. ती आता किट्वेला असते, नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. ग्रुपवर दिवसभर वाढदिवस, बायबलची वचनं, कुणाची तरी पोरं पास झाल्याचे फोटो. त्वाम्बोही होती, पण ती नुसती फुलं पाठवायची. मी तिला फोन केला की ओबेद उचलायचा. "ताई, ती जरा पडलीये. सांगतो तुमचा फोन आला म्हणून." आवाज असा गोड की आपल्यालाच संकोच वाटावा.

"मोठी झाली बाई ती आता," बर्थानं ग्रुपवर आवाजात निरोप टाकला होता. "आपल्यासारख्या मासळीवाल्यांशी कशाला बोलेल?"

"मासळीवालीची पोर तीच होती," मी उलट टाकलं. त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. त्वाम्बोनं एक फूल.

मग त्वाम्बोची आई वारली. मी निरोप मिळताच गेले. आमच्याकडे मयताच्या घरी बायका आत जमिनीवर बसतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती, आणि दफन होईपर्यंत कुणी घरी जात नाही. त्वाम्बो दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ओबेदनं गाडीतून आधी फोनचा तीन पायांचा स्टँड काढला. अंगणात आंब्याखाली तो उभा केला आणि सासूबद्दल बोलायला लागला, थेट, साऱ्या देशाशी. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आतल्या बायकांनीही आपापल्या फोनवर तेच लावलं, म्हणजे तोच आवाज अंगणातून येत होता आणि थोडा मागाहून खोलीतल्या फोनांमधूनही. मधे मासळीवाली म्हातारी चादरीखाली.

त्वाम्बो माझ्याजवळ येऊन बसली. बसताना तिनं एका हातानं भिंत धरली. मी तिच्या डाव्या बाजूनं बोलत होते, तिनं मला हातानं दुसऱ्या बाजूला यायला सांगितलं. "त्या कानानं नीट ऐकू येत नाही मला."

सकाळी आम्ही दोघी घरामागं बोरूच्या आडोशात आंघोळीला गेलो. मी पाण्याची बादली धरून उभी होते. तिनं अंगाला गुंडाळलेलं चितेंगे सोडलं आणि मी पाहिलं. पाठ, बरगड्या, मांड्या. काही डाग जुने, काही पिवळे पडत आलेले. डाव्या दंडावर इस्त्रीच्या टोकाचा पक्का व्रण.

"कधीपासून?"

"त्याचं टीव्हीवरचं काम बंद पडलं तेव्हापासून." ती अंगावर पाणी घेत राहिली. "तोंडाला हात लावत नाही. तोंड दिसतं ना."

"मग इथंच राहा. आज जाऊच नकोस."

"लुशोमो तिकडे आहे. मुद्दामच आणली नाही त्यानं."

दफन झाल्यावर मी तिच्या मामाला गाठलं. आमच्यात आईकडच्या मामाचा शब्द शेवटचा. मी त्यांना सगळं सांगितलं, जे पाहिलं ते. म्हातारा काठीनं राख उकरत बसला.

"ल्वेंडो," तो म्हणाला, "अख्खा देश ज्याला विचारून संसार करतो, त्याला मी काय सांगू? माझ्या सुनासुद्धा त्यालाच ऐकतात."

"मामा, तुमच्या बहिणीची पोर आहे ती."

"नवऱ्याबायकोत होतं असं. बाहेर निघालं तर तिचीच अब्रू जाईल."

संध्याकाळी ते निघून गेले. गाडीच्या काचेतून तिनं मला हात केला.

महिनाभरानं असेल. मी दुकानात गणवेशाला बटणं लावत होते. दोन बायका आल्या होत्या, टेबलावर फोन उभा होता. कार्यक्रमात एक बाई बोलत होती, कुठल्या तरी उत्तरेकडच्या गावाहून. नवरा मारतो म्हणाली, मुलांदेखत मारतो. काय करू बाबा?

ओबेद पुढे झुकला. घरातल्या आगीत बाईनं लाकूड सारू नये, म्हणाला. जीभ आवरावी, पाणी गरम करून ठेवावं, नवरा कामावरून कसा थकून येतो ते बघावं. खूप छान बोलला. मग वळला, "हो ना, लुशोमोची आई?"

त्वाम्बोनं मान हलवली नाही. तिनं समोर पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तू निघून जा. आजच निघून जा."

ओबेद हसला. "म्हणजे हिला म्हणायचंय, माहेरी चार दिवस..."

"मला तसं म्हणायचं नाही. मी गेले नाही, म्हणून सांगते." आणि तिनं डावी बाही वर केली. "हा इस्त्रीचा आहे. हा कान यानंच घालवला. मुलं असतील तर मुलांना घेऊन जा."

ओबेदचा हात पडद्यावर आला आणि पडदा काळा झाला.

 दुकानातल्या दोघींपैकी एक म्हणाली, "हे असं लोकांसमोर बोलायचं?" दुसरी उठून निघून गेली. तिचं माप घ्यायचं राहूनच गेलं. ती पुन्हा आली नाही.

त्वाम्बो त्याच संध्याकाळी घराबाहेर पडली. लुशोमोला हाताशी धरून दारापर्यंत आली होती. ओबेदच्या भावानं मुलीला उचलून आत नेलं आणि दार लावलं. त्वाम्बो शेजारणीकडे थांबली आणि सकाळच्या बसनं माझ्याकडे आली. डोक्याला कार्यक्रमातलाच रुमाल, अंगावर तेच कपडे.

तोवर तिचं बोलणं देशभर फिरलं होतं. सुरुवातीला लोक हळहळले. मग कुणीतरी 'आजच निघून जा' हे शब्द ढोलाच्या ठेक्यावर बसवले आणि पोरं त्यावर नाचायला लागली. आमच्या गल्लीतली मुलं शेळ्या हाकलताना तेच ओरडायची. कुणी तिचा शाळेतल्या वेळचा जुना व्हिडिओ शोधून काढला, कॉलर ताठ, हात वर, आणि खाली लिहिलं, ही तेव्हापासूनच उद्धट. चेटूक करते, पैसेवाला दुसरा बघितलाय, वेड लागलंय. हे लिहिणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्यांच्या फोटोंत त्यांची लेकरं मांडीवर.

दोनच दिवसांनी ओबेद पुन्हा कार्यक्रमात आला, एकटा, सूट न घालता. तो रडला. बायको आजारी आहे, म्हणाला, मनाचा आजार आहे, तिला दोष देऊ नका, प्रार्थना करा. इस्त्री तिच्याच हातून पडली होती, असंही सांगितलं. त्याचा कार्यक्रम आधी कधी पाहिला नव्हता इतक्या लोकांनी त्या दिवशी पाहिला.

आम्ही पोलिसांत गेलो. तिथं बायकांच्या तक्रारींसाठी वेगळी खोली आहे. आतल्या अंमलदारानं मान वर केली आणि म्हणाला, "अरेच्चा, तुम्ही त्या होय? माझी बायको रोज बघते तुम्हाला."

त्वाम्बोनं बाही वर केली. त्यानं पाहिलं.

"जुना आहे हा. इस्त्री करताना भाजतंच बायकांना. ताजं काही आहे?"

"ताजं झालं तेव्हा त्यानं घराबाहेर पडू दिलं नाही."

"मग साक्षीदार?"

तक्रार लिहून घेतली त्यांनी. लुसाकाला पाठवतो म्हणाले. मुलीसाठी कोर्टात अर्ज केला, तिथं तारीख मिळाली, मग पुढची तारीख. तिच्या शाळेनं कळवलं, मुलं वर्गात तो व्हिडिओ लावतात, तुम्ही काही काळ येऊ नका. ग्रुपवर बर्थानं आवाजातला लांबलचक निरोप पाठवला. "घरातलं घरात ठेवायचं असतं गं. आपण काय सोसत नाही? मी सांगत बसते का?" तिला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं. तिचा आवाज शेवटी फुटला होता. त्वाम्बोनं तो निरोप ऐकला आणि म्हणाली, "बर्थालाही मारतो वाटतं." मग ग्रुपमधून बाहेर पडली.

त्यानंतर जे झालं ते आम्हाला सुचलंही नव्हतं. एका संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्चीत ओबेदनं लुशोमोला बसवलं. दहा वर्षांची पोर. केसांना पांढऱ्या फिती. त्यानं बोलून झाल्यावर तिच्याकडे वळून विचारलं, "हो ना, बाळ?" आणि तिनं मान हलवली. शेवटी तिनं पाठ केलेलं म्हटलं, "आई, घरी ये. मी वाट बघते."

त्वाम्बो दर संध्याकाळी ते बघायला लागली. मी फोन काढून घेतला तर म्हणाली, "माझी मुलगी मला दुसरीकडे कुठं दिसणार, ल्वेंडो?" ती फोन डोळ्यांजवळ धरून लुशोमोचे हात, मान, गुडघे तपासायची. पोर बारीक झालीये, म्हणायची. आज डोळे सुजलेत. एकदा पोर खुर्चीत बसताना अवघडून बसली, भिंतीला हात लावला तिनं. त्वाम्बोनं फोन खाली ठेवला. त्या दिवशी तिनं जेवायला नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या मशीनसमोर येऊन बसली.

"तू लुशोमोला सांभाळशील?"

"कोर्टानं दिली तर का नाही?"

"कोर्टानं नाही. मी देणार. मी परत जाते. माफी मागते त्याच्या कार्यक्रमात. त्याला तेवढंच हवंय. बदल्यात मुलगी चोमाला शिकायला येईल, तुझ्याकडे राहील. ती इथं पोहोचल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

"त्वाम्बो, तो तुला मारून टाकेल."

"माफी मागितलेली बायको मेली तर त्याचा कार्यक्रम बंद पडेल. तो हुशार आहे. मला जपेल." ती हे हिशेब करावा तसं बोलली. "मी तिथं नसले तर माझी जागा ती घेते. बघितलंस ना तू?"

मी खूप भांडले. रडले. तारीख पुढच्या महिन्यात आहे, म्हटलं, थांब. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात तिसरी तारीख मिळेल. मामाकडे गेले, तर मामा म्हणाला, शहाणपणाचं ठरवलंन पोरीनं. मला त्या म्हाताऱ्याला काठीनं मारावंसं वाटलं.

ओबेदनं अट मान्य केली. लुशोमोला त्याचा भाऊ घेऊन आला आणि दुकानाच्या दारात सोडून, गाडी चालूच ठेवून, आईला घेऊन गेला. मायलेकींना दारातच काय ती भेट मिळाली. त्वाम्बोनं तिच्या पाठीवरून, हातांवरून हात फिरवला, फ्रॉक वर करून गुडघे बघितले. "मावशीचं ऐक," म्हणाली. "आणि जे येतं ते बोल. तोंड मिटून बसू नकोस."

माफीचा कार्यक्रम मी पाहिला. कुणीतरी पाहायला हवा होता. त्वाम्बो सलग बोलली, स्पष्ट, सुंदर आवाजात, एकही शब्द न अडखळता. मी आजारी होते, नवऱ्यानं सांभाळलं, देशाची माफी मागते. ओबेदनं डोळे पुसले. खाली हजारो फुलं, हजारो हात जोडलेले. एका बाईनं लिहिलं होतं, बघा, किती गोड बोलते, आधीच का नाही बोलली?

आता ती पुन्हा त्या खुर्चीत बसते. मान हलवते. कोर्टातला अर्ज तिनं मागे घेतलेला नाही, ओबेदला मात्र वाटतं की घेतला. तारखा मी जाऊन घेते.

माझ्या दुकानात तो कार्यक्रम लावायचा नाही असं मी सांगून टाकलंय. काही गिऱ्हाइकं तुटली. लुशोमो शाळेतून आली की कापडाच्या ढिगावर बसून अभ्यास करते. पहिले काही दिवस मी काहीही विचारलं तरी ती मान हलवायची, फक्त मान. मी विचारलं, भूक लागलीये? मान. झोप आलीये? मान. मी म्हटलं, पोरी, तुला शेळी व्हायचंय? त्यावरही तिनं मान हलवली आणि मग स्वतःच दचकली.

रविवारी दुपारी त्वाम्बोचा फोन येतो. ओबेद जवळ बसलेला असतो, त्याचा श्वास ऐकू येतो. त्वाम्बो म्हणते, बरी आहे, जेवलीस का, एवढंच. गेल्या रविवारी लुशोमोनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आई, फोन उजव्या कानाला लाव. तू बोलू नकोस. मी सांगते." मग तिनं सांगायला सुरुवात केली, वर्गात कोण कोण आहे, मास्तर फळ्यावर काय चुकीचं लिहितात, मावशी रस्सा कसा खारट करते. ती बोलत राहिली. पलीकडून त्वाम्बो काही बोलली नाही, पण तिनं फोनही ठेवला नाही. शेवटी ओबेदनंच तो बंद केला असणार.

"कट झाला," लुशोमो म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी राहिलेलं सांग. तिनं विचारलं, आईला इकडे आणायला किती वेळ लागेल. माहीत नाही, मी म्हटलं. ती पुन्हा कापडावर जाऊन बसली, आणि मी मशीन चालू केलं, कारण सोमवारी गणवेश द्यायचे होते.